भाचीची दाढ आणि नव्या मंडलाचा शिक्का

आमच्या घरात दोन पिढ्यांपासून शिक्के बनवण्याचं काम आहे. ऑफिसातले रबरी शिक्के, शाईच्या पॅडवर दाबून कागदावर मारतात ते. आदिलाबादच्या कचेरीच्या रस्त्यावर आमचं लहानसं दुकान आहे आणि सरकारचं कसंही चालो, त्या दुकानाचं बरं चाललं आहे.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा माझे वडील अठरा वर्षांचे होते आणि एका उर्दू छापखान्यात खिळे जुळवायचे. राज्य हिंदुस्थानात सामील झालं आणि सगळ्या कचेऱ्यांचे उर्दू शिक्के एकदम जुने झाले. वडिलांनी छापखाना सोडला आणि शिक्क्यांचं दुकान टाकलं. आठ वर्षांनी भाषेप्रमाणे राज्यं झाली, जिल्ह्यातली काही गावं तिकडे मुंबई राज्यात गेली, आम्ही इकडे आंध्रात राहिलो, आणि शिक्के पुन्हा बदलले. वडील म्हणायचे, सरकारनं नाव बदललं की आपल्या घरी शिरा होतो. माझ्या वाट्याला असे दोन शिरे आले. राज्य वेगळं होऊन तेलंगण झालं तेव्हा पहिला, आणि दोन वर्षांनी दसऱ्याला एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा दुसरा. त्या दसऱ्याला लोकांनी सोनं लुटलं, मी रबर लुटलं. नवे जिल्हे, नवे मंडल म्हणजे लहानसे तालुके, प्रत्येक साहेबाला चौकोनी शिक्का, प्रत्येक कचेरीला गोल शिक्का. मी मराठी माणूस, तेलुगू अक्षरं बोटांनी ओळखतो, पण हाताखालून इतकं तेलुगू गेलं की महिनाभर मला मराठी पेपरही वेलांट्या मोजत वाचावासा वाटायचा.

ह्या सुगीच्या जरा आधी माझ्या भाचीची दाढ हलायला लागली.

धाकटी बहीण महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या गावात दिलेली आहे. कापूस, ज्वारी आणि विहिरीपाशी थोडा भाजीपाला. तिची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, सहावीत. खालची उजवीकडची दाढ हलत होती, हिरडी निळसर सुजली होती, दात घासताना रक्त यायचं. त्या बाजूचा गाल जरा भरल्यासारखा दिसायचा आणि हाताला गरम लागायचा. गरम लागतो हे आम्हाला नंतर कळलं, कारण तोवर कोणी हात लावला नव्हता. मतं मात्र सगळ्यांनी दिली होती. तिच्या आजीच्या मते अंगात उष्णता होती, म्हणून सब्जा सुरू झाला. बहिणीच्या मते गोड खाण्यानं कीड लागली होती. शेजारणीच्या मते दृष्ट होती आणि शाळेच्या मास्तरांच्या मते मोबाईल होता. माझं मत सगळ्यांत सोपं होतं, की दुधाची दाढ आहे, पडायचं वय आहे, पडेल.

राखीला ती घरी आली तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मामा, माह्या गालात धडधड होऊन राह्यली. उशीवर कान ठेवला का आवाज बी येते, पाटाला पानी सोडल्यासारका."

मी तिला म्हणालो की अभ्यास केला नाही की छाती धडधडते, गाल नाही. सगळे हसले. ती हसली नाही. हा विनोद मी पुढे चार लोकांना सांगितला, म्हणून तो मला शब्दाशब्दानं आठवतो.

तरी रक्त येत होतं म्हणून मी पुढाकार घेतला. आमच्याच रस्त्यावर मिठाईच्या दुकानाच्या वर एका नव्या डॉक्टरणीनं दातांचा दवाखाना उघडला होता. तेलुगू मुलगी, चष्मा लावणारी, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिनं नावाचा आणि रजिस्टर नंबरचा शिक्का माझ्याकडूनच करून घेतला होता, त्यामुळे तिच्या शिक्षणाची जबाबदारी आपण घेतली आहे असं मला वाटायचं. बहीण, तिचा नवरा (आमच्या घरचा जावई), भाची आणि मी असे चौघं जिना चढून गेलो. मी डॉक्टरणीला हिंदीत सांगितलं की आपली घरचीच मुलगी आहे, दाढ हलते आहे, काढून टाका.

तिनं आरसा घालून बघितलं. मग बोटानं दाढ दाबली. दाढ खाली गेली. बोट काढलं, दाढ हळूच वर आली. तिनं पुन्हा दाबली, पुन्हा तसंच. मग तिनं बाहेरून जबड्यावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला. मग उठून ड्रॉवरमधून छाती तपासायची नळी काढली आणि ती मुलीच्या गालावर लावून ऐकू लागली. मी जावयाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. नळी कुठे लावायची हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि हिला माहीत नव्हतं, असा तो क्षण होता. तिनं लहानसा एक्सरे काढला, उजेडाकडे धरला, आणि ट्रेमध्ये काढून ठेवलेली पक्कड फडक्यात गुंडाळून परत कपाटात ठेवली.

"ये दांत मैं नहीं निकालूँगी," ती म्हणाली. "और किसी को निकालने मत देना. अंदर हड्डी में खून की नसों का गुच्छा है. ये दांत उसके ऊपर ढक्कन जैसा बैठा है. ढक्कन निकला तो मैं खून रोक नहीं पाऊँगी."

ती म्हणाली, हे जन्मापासूनच असतं, वयाबरोबर वाढतं. मुलीची काही चूक नाही, गोडाची नाही, कोणाचीच नाही. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात न्या, लवकर न्या. तिनं चिठ्ठी लिहिली, खाली माझा शिक्का मारला आणि फी घेतली नाही.

फी घेतली नाही इथेच ती आमच्या मनातून उतरली. खाली चहा पीत आम्ही विचार केला. जावई म्हणाला, "घाबरली वाटते. नवीन आहे." बहीण म्हणाली, एवढी दाढ काढायला हैदराबाद कशाला. मी तर दुकानात आल्यागेल्याला सांगू लागलो की आपल्या गल्लीत दात न काढणारी दातांची डॉक्टरीण आली आहे, उद्या न्हावी म्हणेल मी केस कापणार नाही. शिक्के घ्यायला येणारे कारकून हे ऐकून खूश होत. काम न करता खुर्चीवर बसता येतं आणि वर चिठ्ठीही देता येते, हे त्यांना ओळखीचं होतं.

दाढ हलतच होती. शेवटी जावयानं आठवडी बाजारातला दात काढणारा गाठला. हा माणूस चादर पसरून बसतो, समोर काढलेल्या दातांची रास, मागे जबड्याचं रंगीत चित्र, हातात पक्कड. आजवर त्यानं कोणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. मी जाणकार म्हणून सोबत गेलो. त्यानं भाचीला खोक्यावर बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. तिनं उघडलं नाही. त्यानं लाडानं सांगितलं, बापानं दरडावून सांगितलं, मी जिलबी आणून दिली. तिनं जिलबी घेतली, डाव्या बाजूनं खाल्ली आणि तोंड पुन्हा मिटलं. भोवती माणसं जमली. तीन मोठी माणसं आणि एक मिटलेलं तोंड, बाजारात बघण्यासारखं तेवढंच होतं.

मी तिला विचारलं, "काऊन गं, हट्ट काऊन करून राह्यली?"

ती दात न उघडता म्हणाली, "त्या बाईनं नाही म्हनलं. तिनं हात लावून पाह्यला. तुमी कोनीच हात लावून नाही पाह्यला."

मग तिनं माझा हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला.

विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपावर हात ठेवला की जसं लागतं तसं लागत होतं. हाडाच्या आत काहीतरी धावत होतं. मी हात काढला आणि जावयाला म्हणालो, तुमी पाहा. त्यानं पाहिलं. लेकीला खोक्यावरून उतरवून घेतलं आणि आम्ही निघालो. दात काढणारा मागून ओरडत होता की अशा शंभर पाहिल्या. पाहिल्याही असतील.

तरीसुद्धा आम्ही लगेच हैदराबादला गेलो नाही. जावयाची कापसाची पहिली वेचणी राहिली होती, बाया लावून ठेवल्या होत्या. माझ्याकडे चार जिल्ह्यांचे शिक्के पडले होते. नागपूर जवळ पडतं, तिकडे न्या, असं बहिणीचा चुलत सासरा यवतमाळहून फोनवर सांगत होता, पण रेशनकार्डावर होणारा फुकट इलाज आपल्या राज्याच्या आतच होतो आणि आपलं राज्य कोणतं हे तेव्हा सरकारला पक्कं माहीत होतं. शेवटी सोमवारी निघायचं ठरलं. शुक्रवारी बहीण मुलीला घेऊन आमच्या घरी आली.

शनिवारी दुपारी माझ्या बायकोनं मक्याची कणसं भाजली. भाचीनं डाव्या बाजूनंच खाल्लं, पण एक दाणा उजवीकडे गेला असावा. ती उठून मोरीकडे गेली आणि मग बहिणीनं मला हाक मारली. तोंडातून रक्त नळासारखं येत होतं. बहिणीनं हाताशी आलेलं पातेलं पुढे धरलं, आणि ते भरताना मी पाहिलं.

मी अनवाणी धावत गेलो. डॉक्टरीण खुर्चीत एका माणसाचं तोंड उघडून काम करत होती. माझ्या तोंडातून फक्त "भाची" एवढंच निघालं. तिनं त्या माणसाला तसंच उघड्या तोंडानं सोडलं, ड्रॉवरमधून कापसाच्या पट्ट्यांचं पुडकं घेतलं आणि माझ्या पुढे धावत जिना उतरली. घरी येऊन तिनं पट्टीची घडी रक्त येत होतं तिथे दाबली, वर अंगठा ठेवला आणि मुलीला चावून धरायला सांगितलं. रिक्षात बसून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत तिचा अंगठा त्या तोंडात होता. रस्त्यात माझे दोन-तीन कारकून गिऱ्हाईक उभे होते. त्यांनी दात न काढणारी डॉक्टरीण रिक्षातून जाताना पाहिली.

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त चढवलं, बर्फ आणला. दीड तासानं रक्त थांबलं. तिनं अंगठा बाहेर काढला तेव्हा तो सरळ होत नव्हता आणि त्यावर भाचीच्या दातांचे सगळे ठसे होते. मी आयुष्यभर ठसे उमटवण्याचंच काम केलं, पण त्या ठशांकडे मला बघवलं नाही. ती मला ओरडली नाही. सोमवारचं तिकीट काढलंय म्हणालो, तर म्हणाली, "सोमवार नहीं. आज." संध्याकाळच्या आत ॲम्ब्युलन्स निघाली.

हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जे डॉक्टर ह्या कामाचे होते ते पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांनी फोटो काढले, मशीनमध्ये घातलं, आणि आम्हाला बोलावून आधी एकच गोष्ट विचारली की दाढ काढायला कोणी बसलं होतं का. मी म्हणालो नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ते सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "आदिलाबाद में किसी ने हाथ रोक लिया, इसलिए ये बच्ची यहाँ बैठी है." आणि मला म्हणाले, जिसने रोका उसको मेरा सलाम बोलना. मी मान हलवली. त्यावेळी दुकानातले माझे विनोद एकेक करून आठवत होते.

मग त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. हृदयातून येणारी नस जोरानं रक्त आणते, ते बारीक बारीक नसांमधून सगळीकडे पसरतं आणि मग हळू दुसऱ्या नसेनं परत जातं. हिच्या जबड्यात मधलं पसरणंच नाही. जोराची नस थेट परतीच्या नसेला जोडली आहे. मला काही कळलं नाही. जावयाला लगेच कळलं.

"म्हंजे पाटाचं पानी वाफ्यात न जाता थेट नाल्यात जाऊन राह्यलं," तो मराठीत मला म्हणाला. "मधात भगदाड हाय. ते बुजवा लागन."

मी हे हिंदीत सांगितलं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले तेच करायचं आहे. मांडीच्या नसेतून बारीक तार वर जबड्यापर्यंत न्यायची आणि तिथे एक प्रकारचा डिंक सोडायचा, तो जागच्या जागी घट्ट होतो. लागलं तर नंतर सुईनं थेट हाडातही सोडायचा. जबडा कापायची गरज नाही. दुखणं जबड्यात आणि जायचं मांडीतून, हे मात्र जावयाला पटेना. त्यानं दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाणी कुठेही पोचायचं तर मोटरपासूनच जावं लागतं ना. हे त्याला पटलं.

मुलगी दाखल झाली, औषधपाणी चालू झालं. तार आणि डिंक मात्र बाहेरून मागवायचा होता, त्याला मंजुरी लागत होती, आणि मंजुरीच्या खिडकीवर कळलं की रेशनकार्डावर आजी आहे, आई आहे, बाप आहे, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेले आजोबाही आहेत, पण मुलगी नाही. ती ह्याच घरातली आहे असा तहसीलदाराचा दाखला आणा, असं खिडकीतल्या बाईनं सांगितलं. तिनं हे नीट, चिडचिड न करता सांगितलं. चार दिवसांची मुदत दिली.

कचेऱ्यांची वाट मला माहीत, म्हणून मी निघालो. बसनं आदिलाबाद, तिथून बहिणीच्या गावाच्या जुन्या मंडलाची कचेरी. तिथल्या कारकुनानं रजिस्टर उघडून दाखवलं की तुमचं गाव आता आमच्यात नाही, नव्या मंडलात गेलं. गाव होतं तिथेच होतं. ते गेलं ह्याची खबर गावाला नव्हती.

नव्या मंडलाची कचेरी एका शाळेच्या खोलीत होती. फळ्यावर अजून पाढे लिहिलेले होते. दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि बाहेर झाडाखाली पन्नास-साठ माणसं. तहसीलदार उतारवयाचे होते, भले होते. त्यांनी हैदराबादची चिठ्ठी वाचली, तलाठ्यासारखं काम करणाऱ्या माणसाला विचारून खात्री केली आणि तिथल्या तिथे दाखला लिहून सही केली. मला वाटलं झालं. मग कारकून म्हणाला, गोल शिक्का अजून आलेला नाही. शिक्क्याशिवाय हा कागद कुठेही चालणार नाही. बाहेर बसलेली सगळी माणसं त्याच शिक्क्यासाठी रोज येऊन जातात.

शिक्का कुठे अडला, मी विचारलं.

"आदिलाबादला एक शिक्केवाला हाय," तो म्हणाला. "ऑर्डर देऊन किती तरी दिवस झाले. मान्सं पाठवली तं दुकानाला कुलूप. म्हंते हैदराबादले गेला. असा बेजबाबदार मानूस. त्याच्या एकट्यापायी सारा मंडल खोळंबला हाय."

तो बराच वेळ बोलला. सरकारनं अशा लोकांना काम देऊ नये इथपर्यंत आला. झाडाखालच्या माणसांनीही दोन-चार शब्द घातले. मी सगळं ऐकून घेतलं, कारण त्यात चुकीचं काही नव्हतं. मग मी म्हणालो की तो शिक्केवाला मीच. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कागदाकडे पाहिलं, आणि बसायला आपली खुर्ची पुढे केली.

सही केलेला कागद घेऊन मी दुकानात आलो. शिक्का अर्धा झालेलाच होता. सरकारी आदेशात मंडलाच्या नावाचं स्पेलिंग एक आणि गावच्या पाटीवर दुसरं, म्हणून खात्री करायला बाजूला ठेवला होता आणि मग कणसाचा दिवस आला. आता खात्री करत बसलो नाही, आदेशाप्रमाणे केला. तासाभरात रबर लाकडावर चिकटलं. नेहमीसारखा रद्दी कागदावर एक ठसा मारून पाहिला. स्वच्छ उमटला. शेजारी भाचीचा दाखला पडलेला होता, साहेबांची सही असलेला, फक्त गोल जागा रिकामी.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता काऊन जाता तिकडं? शिक्का तुमच्या हातात हाय. मारा ना."

मी शिक्का हातात धरून उभा होतो. प्रामाणिकपणा आडवा आला असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. तीस वर्षांत मी हजारो शिक्के बनवले आणि कामाच्या कागदावर त्यांतला एकही मारला नव्हता. हातालाच ते माहीत नव्हतं. शिवाय झाडाखालची माणसं डोळ्यांपुढे होती. मी शिक्का फडक्यात बांधला आणि परत नव्या मंडलाची जीप पकडली.

कारकुनानं शिक्का हातात घेतला, उलटा करून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाला की हा आधी आवक रजिस्टरला चढवावा लागेल. चढवला. आता त्या नोंदीवर ऑफिसचा गोल शिक्का मारावा लागेल, आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय शिक्का वापरता येणार नाही. नोंदीला शिक्का पाहिजे होता आणि शिक्क्याला नोंद. त्यानं दोनदा रजिस्टर उघडलं आणि मिटलं. शेवटी तो तहसीलदारांकडे गेला. म्हाताऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, शिक्का मागून घेतला, पॅडवर दाबला आणि आधी माझ्या भाचीच्या दाखल्यावर मारला. मग रजिस्टरवर मारला. मग म्हणाले, बाहेरच्यांना एकेक करून बोलवा.

त्या मंडलाचा पहिला ठसा माझ्या भाचीच्या कागदावर आहे. नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. ते तसंच पुढे चाललं, आणि आता गावच्या पाटीवरही तेच आलं आहे.

मंजुरी मिळाली. मांडीतून तार गेली. तीन तास आम्ही बाकावर बसलो होतो आणि माझा फोन सारखा वाजत होता. यवतमाळचे सासरे विचारत होते की मांडीला का चिरलं, डॉक्टरांनी कागद उलटा तर धरला नाही ना. कोणाला तरी मी डिंक घातला म्हणून सांगितलं, तर माझ्या आत्यानं ऐकून डिंकाचे लाडू करून पाठवले, म्हणजे बाहेरूनही मदत होईल. मी हसलो नाही. गालावर नळी लावणाऱ्या बाईला हसण्याइतकं माझं ज्ञान आता उरलं नव्हतं.

पहिल्या वेळी बरंचसं बुजलं, थोडं राहिलं. दीड महिन्यानं पुन्हा नेलं आणि सुईनं हाडातून उरलेलं बुजवलं. गाल सुजला, ताप आला, चार दिवस ती पेजेवर होती. एका दुपारी पलंगावर उजव्या कुशीवर पडून होती. बहिणीनं विचारलं आवाज येते का. भाचीनं बराच वेळ कान लावला आणि म्हणाली, "नाही येत. सुनं सुनं वाटते वं आई." तिला वाटत असे सगळ्यांच्याच डोक्यात असं पाणी वाहतं. ते थांबल्यावर तिला दोन-तीन दिवस झोप आली नाही.

सहा-सात महिन्यांनी एक्सरेत हाड भरत आलेलं दिसलं. मग त्याच दवाखान्यात, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून, चार डॉक्टर उभे राहून ती दाढ काढली. दहा मिनिटं लागली. दोन थेंब रक्त आलं. जावयानं दाढ पुडीत बांधून मागितली आणि बसमध्ये सारखी उघडून पाहत होता. एवढीशी दाढ, तो म्हणत होता. वर्षातून एकदा दाखवायला न्यावं लागतं. उजवा गाल अजून जरा भरलेला आहे, फोटो काढताना ती डावीकडून काढायला सांगते.

आम्ही आदिलाबादला परतल्यावर डॉक्टरणीची कीर्ती पसरली, आणि तीही आमच्याच पद्धतीनं. आता लोक तिच्याकडे दात न काढून घ्यायला येऊ लागले. किडलेली, पोकळ, ठणकणारी दाढ घेऊन माणूस यायचा आणि म्हणायचा, मॅडम, हाथ मत लगाना, सिर्फ नळी लावून देखना. ती बिचारी समजावून थकायची की हे काढलंच पाहिजे. काढायचं म्हटलं की लोकांना वाटायचं हिला आता पहिल्यासारखं येत नाही.

मी एकदा वर जाऊन तिला सांगितलं की मी तुमच्याबद्दल बाजारात काय काय बोललो होतो. ती हातमोजे काढत म्हणाली, "मालूम है. मेरे पेशेंट भी आपसे ही स्टाम्प बनवाते हैं." आणि पुढच्याला आत बोलावलं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नवऱ्याच्या गावी जायचं ठरलं. टेम्पो आला त्या दिवशी जावई भाचीसोबत वांगी आणि मेथी घेऊन आला होता, बहिणीनं ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. दातांची ती मोठी खुर्ची जिन्यातून उतरवायची होती. वर कशी चढवली होती कोण जाणे, पण खाली येताना ती वळणावर अडकली. मिठाईवाला, टेम्पोवाला, जावई आणि मी असे चौघं तिला चारी बाजूंनी भिडलो. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणत होतो तिरकी करा, जावई म्हणत होता पाय काढा, मिठाईवाला म्हणत होता परत वर न्या. दोन तास खुर्ची हलली नाही आणि जिना बंद झाला. डॉक्टरीण वर अडकली, तिचं सामान खाली. शेवटी भूक लागली म्हणून तिनं वरच्या पायरीवर बसून भाकरीचं गाठोडं सोडलं. भाची खुर्चीखालून वाकून वर गेली आणि तिच्या शेजारी बसली. दोघी ठेचा लावून भाकरी खात होत्या, भाची दोन्ही बाजूंनी चावत होती, आणि खाली आम्ही चौघं अजून भांडत होतो.